नव्या खोक्याला परवलीचा शब्द कोण सांगणार?

“कंपनी तीच, मॉडेल तेच, साल तेच. मग भंगारातल्या गाडीचं खोकं काढून आपल्या गाडीत बसवलं, तर ती सुरू का होत नाही?”

जुनी एसयूव्ही बाळगणारा माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच, आणि प्रश्न रास्त आहे. अल्टरनेटर, रेडिएटर, सेल्फची मोटर, दाराची काच या वस्तू एका गाडीतून निघतात, दुसरीत बसतात आणि मुकाट कामाला लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार याच भरवशावर चालतो. अमेरिकेतली जंकयार्डंही तशीच चालतात. पण ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ नावाचं एक खोकं, ज्याला मेकॅनिक नुसतं बीसीएम म्हणतात, या हिशेबात बसत नाही. ते का बसत नाही, हे या प्रकरणात पाहू.

उदाहरणादाखल एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येला ईडन प्रेरी नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका मराठी कुटुंबाकडे २००४ सालची एसयूव्ही आहे असं समजा. घरातली ही दुसरी गाडी, मुख्यतः बर्फाच्या दिवसांसाठी ठेवलेली. डिसेंबरात मंडळी तीन आठवडे पुण्याला गेली. परत येऊन पाहतात तो बॅटरी ठार. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून गाडी सुरू केली, पण त्यानंतर तिचं लक्षण ठीक दिसेना. दार लावलं तरी आतला दिवा विझत नाही. वायपर मध्येच एक फेरी मारतो. रात्री गॅरेजमधून कुलपांची टकटक ऐकू येते. एके सकाळी डॅशबोर्डवर कुलपाचं चिन्ह लुकलुकलं आणि इंजीन सुरूच होईना. ओळखीतलं कुणीतरी छातीठोक सांगतं, “बीसीएम गेलं.”

गेलं असेलही. पण त्या निदानापर्यंत पोचायला तीन-चार गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

१. कालव्याचा पाटकरी

कालव्याच्या पाण्यावर शेती असते तिथे शेतकरी स्वतः जाऊन दार उघडत नाही. त्यासाठी पाटकरी असतो. पाळी कुणाची, पाणी किती वेळ, हे तो बघतो आणि त्याप्रमाणे दार वर-खाली करतो. शेतकऱ्याने फक्त आपली मागणी सांगायची.

बीसीएम हा गाडीतला पाटकरी. फार जुन्या गाड्यांत दिव्याचं बटण दाबलं की दिव्याला लागणारी सगळी वीज त्या बटणातूनच वाहायची. म्हणजे बॅटरीपासून बटणापर्यंत जाड तार आणि बटणापासून दिव्यापर्यंत पुन्हा जाड तार. पुढे काचा विजेवर चालू लागल्या, कुलपं, आरसे, सीटही विजेवर आले. प्रत्येकाला वेगळी तार ओढत बसलो तर दाराच्या बिजागरीतून तारांची जुडीच जाईना. मग रचना बदलली. आता बटण नुसती मागणी कळवतं आणि त्याला नावापुरती वीज पुरते. ही मागणी बीसीएमकडे जाते. दार उघडं आहे का, किल्ली कुठल्या घरात आहे, काळोख आहे का, हे तपासून बीसीएम योग्य तो रिले ओढतं. रिले म्हणजे छोटं विद्युतचुंबक. थोड्या विजेवर ते मोठ्या विजेचं दार उघडतं, आणि डॅशबोर्डखालून येणारा ‘टक्’ आवाज त्याचाच असतो.

दार लावल्यावर आतला दिवा हळूहळू मंद होत जातो, वायपर ठराविक अंतराने फिरतो, गाडी वेगात आली की कुलपं आपोआप लागतात. हे सगळे पाटकऱ्याचे नियम. नियमांबरोबर त्याच्याजवळ एक वहीसुद्धा असते. ही वही लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे.

२. दवंडी

गाडीत बीसीएम एकटं नसतं. इंजिनाचं वेगळं खोकं असतं, तसंच ब्रेकचं, एअरबॅगचं, डॅशबोर्डचंही. ही खोकी एकमेकांशी एका सामाईक तारेवरून बोलतात. एक खोकं दवंडी पिटतं, “चालकाचं दार उघडलं हो!” ती सगळ्यांना ऐकू जाते, पण ज्याचा संबंध आहे तोच कामाला लागतो. दिवा पेटतो, डॅशबोर्डवर दाराचं चित्र येतं, किल्ली आत राहिली असेल तर घंटी वाजते. एका दवंडीत तीन कामं झाली.

अशा बोलण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे ‘कॅन’. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ती जगापुढे मांडली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत तपासणीसाठी ही पद्धत २००८ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. आपल्या उदाहरणातली गाडी त्याआधीची आहे. त्या काळी अमेरिकी कंपन्यांच्या स्वतःच्या, जरा संथ पद्धती होत्या. तत्त्व मात्र दवंडीचंच.

या रचनेचे दोन परिणाम ध्यानात घ्यायला हवेत. एक म्हणजे, कुठलंही एक खोकं बिघडून अखंड ढोल पिटत बसलं तर बाकी कुणाचाच आवाज पोचत नाही, आणि निरपराध बीसीएमही मुकं वाटतं. दुसरं, गाडी बंद केल्यावर काही मिनिटांत सगळी खोकी झोपी जायला हवीत. एकही जागं राहिलं, तर ते बॅटरी पीत बसतं.

३. तीन आठवड्यांचा हिशेब

झोपलेली गाडीसुद्धा थोडी वीज घेते, कारण घड्याळ आणि रिमोटचं कान टवकारणं चालूच असतं. हा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर ठीक मानतात. आपण ३० धरू.

तीन आठवडे म्हणजे ५०४ तास. ०.०३ गुणिले ५०४ म्हणजे साधारण १५ अँपिअर-तास. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल, तर मंडळी पुण्याहून परत येईपर्यंत ५५ शिल्लक राहतात. गाडी सुरू व्हायला हरकत नाही.

आता एक खोकं झोपलंच नाही आणि खर्च ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर झाला असं धरा. ७० भागिले ०.५ म्हणजे १४० तास, जेमतेम सहा दिवस. पुण्यात जेटलॅग उतरत नाही तोवर इकडे बॅटरी रिकामी.

त्यात मिनेसोटाची थंडी. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सांगण्यानुसार शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, बॅटरीचा सुमारे ६० टक्के जोर ओसरतो. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात, उणे १८ ही काही नवलाची गोष्ट नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनिआपोलिसच्या विमानतळावर पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा वेळी सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की खोकी गोंधळतात, अर्धवट जागी होतात आणि भलतेच संदेश पाठवतात. आतला दिवा, वायपर, कुलपं यांचे चाळे नुसत्या थकलेल्या बॅटरीनेही होऊ शकतात. म्हणून पहिला उपचार एकच. बॅटरी पूर्ण चार्ज करा, भाराखाली तपासून घ्या, आणि मगच पुढचा संशय घ्या.

थंडीपेक्षाही चिवट शत्रू म्हणजे मीठ. बर्फ वितळवण्यासाठी ट्विन सिटीजच्या रस्त्यांवर आणि पार्किंगच्या जागांवर दर वर्षी साडेतीन लाख टनांच्या आसपास मीठ पडतं, असा मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांचा अंदाज आहे. महामार्ग २१२ वरून नाहीतर ४९४ वरून घरी आलेल्या गाडीचा खालचा भाग पाहिला की तो आकडा पटतो. मीठ गाडीखालून आत शिरतं तसं बुटांना लागूनही येतं, आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. बीसीएम असतं कुठे? बहुतेक गाड्यांत चालकाच्या पायाशी, डॅशबोर्डखाली. २००२ ते २००९ च्या शेव्हरोले ट्रेलब्लेझरमध्ये ते मागच्या डाव्या सीटखाली आहे, म्हणजे मुलं बर्फाने भरलेले बूट जिथे टेकवतात त्याच्या लगतच. छतावरच्या काचेची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली, किंवा पुढच्या काचेच्या बुडाशी पानं साचली, तरी ओघळ कार्पेटखाली येतो. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खालचा फोम महिनोन्महिने ओला राहतो.

४. खरंच गेलंय का?

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे. माझं स्पष्ट मत असं की नवं बीसीएम बसवूनही तक्रार तशीच राहते, तेव्हा चूक बहुतेक वेळा निदानात झालेली असते. खोकं कुठे असतं ते सहज सापडतं. त्याला येणारी वीज, त्याची अर्थिंग आणि त्याच्या कानावर येणाऱ्या खबरा तपासायला मात्र धीर लागतो.

आधी अर्थिंग. वीज बॅटरीतून निघते तशी परतही जावी लागते, आणि गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. पत्र्याला स्क्रूने कसलेली काळी तार मिठाने गंजली की वाटेत अडथळा तयार होतो. समजा तो अडथळा फक्त ०.१ ओहमचा आहे. मीटर लावून नुसतं व्होल्टेज मोजलं तर पूर्ण १२.६ दिसेल, कारण वीज वाहतच नाहीये. आता दिवे, हीटरचा पंखा आणि मागच्या काचेचं हीटर लावा. त्याच वाटेने २० अँपिअर परतू लागले तर २० गुणिले ०.१, म्हणजे २ व्होल्ट त्या गंजातच संपतात. बीसीएमच्या वाट्याला १०.६ उरतात आणि ते बरळू लागतं. पंचवीस पैशांचा गंज आणि शेकडो डॉलरचं खोकं यांची लक्षणं अशी एकसारखी दिसतात. म्हणून अर्थिंग नेहमी भार लावून तपासायची. बीसीएमच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर आधी तो स्क्रू उघडा, पत्रा खरवडून चकचकीत करा आणि पुन्हा कसा.

मग कोड. तपासणीचं यंत्र लावल्यावर जे कोड येतात त्यांचं पहिलं अक्षर गाडीचं खातं सांगतं. पी म्हणजे इंजीन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा भाग, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे खोक्यांचं आपसातलं बोलणं. स्वस्तातली यंत्रं बहुधा पी एवढंच वाचतात. त्यामुळे “मशीन लावलं, काही दाखवत नाही” या वाक्याला बीसीएमच्या बाबतीत काही अर्थ नाही. उलट ‘बीसीएमशी संपर्क तुटला’ असा यू कोड आला, तरी बीसीएम मेलं असं ठरत नाही. काकांनी फोन उचलला नाही, तर त्यांच्या घरची वीज गेली असेल, लाइन तुटली असेल, नाहीतर मध्येच कुणी अखंड बोलत असेल.

सगळ्यात उपयोगी तपासणी यापुढची. चांगल्या यंत्रावर बीसीएमला या क्षणी काय वाटतंय ते वाचता येतं. आपल्या गाडीचा आतला दिवा विझत नाही ना? सगळी दारं लावा आणि यंत्रावर वाचा. तिथे ‘चालकाचं दार : उघडं’ असं दिसलं, तर बीसीएम बिचारं प्रामाणिक आहे. त्याला खोटी खबर मिळते आहे. दाराच्या लॅचमधलं छोटं स्विच गोठलंय किंवा गंजलंय. दार रात्रभर उघडंच आहे असं समजून बीसीएम झोपत नाही, बॅटरी उतरते, कुलपं टकटकतात. तीन तक्रारींचं मूळ एका लॅचमध्ये निघतं. पण यंत्रावर ‘दार : बंद’ दिसत असेल आणि दिवा तरीही जळत असेल, तर हुकूम देणाऱ्या बाजूला दोष आहे. रिलेची टोकं एकमेकांना चिकटली असतील, किंवा खोक्यातलं डाखकाम तडकलं असेल. कडक थंडी आणि हीटरची ऊब यांत रोज आकुंचन-प्रसरण होऊन वीस वर्षांत डाखाला बारीक चिरा पडतात, आणि मग गाडी तापली की दोष नाहीसा होतो, गार झाली की परत येतो.

आत येणारी वीज नीट, अर्थिंग नीट, तारा शाबूत, खबर खरी, आणि तरीही हुकूम बाहेर पडत नाही. हे पाचही सिद्ध झालं की मग म्हणा, बीसीएम गेलं.

५. परवलीचा शब्द

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोकं खरंच गेलं, तर दुसरं बसवायला अडचण काय?

अडचण त्या वहीची. रात्री गडाचे दरवाजे बंद झाले की आत येणाऱ्याला परवलीचा शब्द सांगावा लागायचा. पहारेकरी तोच असला तरी शब्द चुकला तर दरवाजा उघडायचा नाही. बऱ्याच गाड्यांतही तसंच असतं. इंजिनाच्या खोक्याला बीसीएमकडून ठरलेला गुप्त आकडा आला तरच ते इंधन सोडतं. भंगारातून आणलेल्या बीसीएमला त्याच्या जुन्या गाडीचा शब्द पाठ असतो. ते तोच म्हणतं, इंजीन तो ओळखत नाही, आणि डॅशबोर्डवर कुलूप लुकलुकत राहतं. खोकं बिघडलेलं नसतं, ते फक्त परकं असतं.

वहीत आणखीही नोंदी असतात. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला १७ अक्षरी ओळख क्रमांक असतो. त्यातलं दहावं अक्षर साल सांगतं. आपल्या २००४ च्या गाडीत तिथे ४ असेल. हा क्रमांक बऱ्याच बीसीएममध्ये लिहिलेला असतो. शिवाय गाडीला सनरूफ आहे का, धुक्याचे दिवे आहेत का, सीट गरम होतात का, ही यादीही असते. ती चुकली तर असलेली वस्तू चालत नाही आणि नसलेल्या वस्तूबद्दल तक्रारी येतात. जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या गाड्यांत अशा वैकल्पिक गोष्टींचे तीन अक्षरी कोड हातमोज्यांच्या कप्प्यातल्या स्टिकरवर बहुधा छापलेले सापडतात. त्याचा फोटो काढून ठेवावा.

नवा शब्द शिकवण्याच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या. जनरल मोटर्सच्या ‘पासलॉक’ ही चोरीविरोधी पद्धत असलेल्या गाड्यांत यंत्र नसतानाही तो शिकवता येतो. किल्ली फिरवून सेल्फ मारायची, मग चालू स्थितीत सोडायची, सुरक्षेचा दिवा विझेपर्यंत सुमारे दहा मिनिटं थांबायचं, किल्ली बंद करायची, आणि हे तीनदा करायचं. एकूण तीस मिनिटं. इतकं सोपं असेल तर चोरही करेल, असं वाटेल. पण दुसऱ्याच्या दारात अर्धा तास शांत बसून राहणं चोराला परवडत नाही. इथे वेळ हेच कुलूप आहे. फोर्डच्या ‘पॅट्स’ पद्धतीतही यंत्राने आत शिरायला दहा मिनिटांची सक्तीची प्रतीक्षा असते, आणि जुन्या किल्ल्या पुसल्यावर निदान दोन किल्ल्या शिकवाव्या लागतात. म्हणून दुसरी किल्ली हरवली असेल, तर ती आधी करून घ्या. क्रायस्लर-जीपच्या किल्ल्यांत चिप असते आणि शिकवताना चार आकडी पिन लागतो.

६. मग आणायचं कुठून?

नवं खोकं कोरं असतं. त्याला गाडीची ओळख प्रथमच करून द्यायची असल्याने काम सरळ होतं, पण वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं नवं खोकं मिळेलच असं नाही. जंकयार्डचं स्वस्त पडतं, पण त्यावरचा भाग क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावा लागतो, आणि काही कंपन्यांची खोकी एकदा एका गाडीची झाली की दुसरीची होतच नाहीत.

तिसरी वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. आपलंच खोकं दुरुस्त करून घ्यायचं. रिले चिकटलेला असो वा डाख तडकलेला, स्मृतीची चिप सहसा धड असते. इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार डाख नव्याने घालतो, रिले बदलतो, आणि वही जशीच्या तशी राहते. परवलीचा प्रश्नच येत नाही. बोर्ड मिठाने खाल्लेला असेल, तर जुन्या चिपमधला मजकूर वाचून तो दुसऱ्या खोक्यात उतरवणारे लोकही आहेत. बँकेचं पासबुक भिजलं तर खातं बंद होत नाही, नोंदी नव्या पुस्तकात येतात, तसंच हे.

डीलरकडेच जावं लागेल का? तसं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला, आणि २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी ती व्यवस्था देशभर लागू करण्याचं मान्य केलं. त्यामुळे २००२ पासूनच्या गाड्यांची दुरुस्तीची माहिती आणि साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यालाही पैसे भरून मिळतात. किल्ल्यांचे गुप्त आकडे मात्र नोंदणीकृत कुलूपवाल्या-तंत्रज्ञांनाच दिले जातात, आणि तेही गाडीची मालकी तपासून. मिनेसोटाचा स्वतःचा दुरुस्ती-हक्काचा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला, पण त्यातून मोटारगाड्या वगळलेल्या आहेत.

एक सावधगिरी. काही गाड्यांत किलोमीटरचा, म्हणजे इथे मैलांचा, आकडाही याच खोक्यात असतो. खोकं बदलताना तोच आकडा राखता आला नाही, तर संघीय कायद्याप्रमाणे नवा आकडा शून्यावर आणून, आधीचे मैल आणि बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. फसवण्याच्या हेतूने ती काढून टाकणं हा गुन्हा आहे.

७. बसवायचा दिवस

हे काम तापवलेल्या गॅरेजमध्ये करावं. थंडीत प्लास्टिकच्या खिट्ट्या काचेसारख्या तुटतात. किल्ली काढा, दहा मिनिटं थांबून सगळ्या खोक्यांना झोपू द्या, मग बॅटरीचं ऋण टोक सोडवा. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. मिनेसोटाच्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावताच चटका बसतो. तोच चटका चिपला मारू शकतो. खोक्याला हात लावण्याआधी पत्र्याला स्पर्श करा. प्रत्येक प्लग काढण्याआधी फोटो घ्या. प्लगमध्ये हिरवट पावडर दिसली तर ती साफ केल्याशिवाय नवं खोकं लावू नका.

खोक्यात माहिती भरताना व्होल्टेज पडता कामा नये. अर्ध्यावर वीज गेली तर खोकं अर्धवट लिहिलेलं राहतं आणि कधीकधी कायमचं निकामी होतं. त्यासाठी स्थिर वीज देणारा चार्जर लावून ठेवतात. शिकवून झालं की दिवे, इंडिकेटर, वायपर, चारही काचा, कुलपं, रिमोट आणि हॉर्न एकेक करून पाहा. शेवटी गाडी बंद करून कुलूप लावा, अर्धा तास जाऊ द्या, आणि झोपेतला खर्च मोजा. तो ५० मिलिअँपिअरच्या खाली उतरला पाहिजे.

जुनं खोकं लगेच टाकून देऊ नका. पिशवीत घालून, वर गाडीचा क्रमांक लिहून ठेवा. नव्यात काही उतरवायचं राहिलं असेल तर वही त्याच्यातच आहे. आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागला की एकदा खोक्याजवळचं कार्पेट उचलून फोम दाबून पाहा. बोटांना ओल लागली, तर पाणी अजून येतंय.